झाकली मूठ

सकाळी गोठ्यात गेलं की पहिलं काम शेण काढायचं. पण वडील म्हणायचे, काढायच्या आधी बघ. घट्ट पडलंय का पातळ, वास कसा येतोय, दाणा तसाच बाहेर आलाय का, त्यात शेंब किंवा रक्त आहे का. जनावराला बोलता येत नाही, त्याचं शेणच बोलतं. आज पासष्टीला आलो तरी मी रोज बघतो. गाय गाभण आहे का हे बघायला डॉक्टर येतो, हातमोजा चढवतो आणि शेणाच्या वाटेनं कोपरापर्यंत हात आत घालतो. तेव्हा घरची बायकापोरं भोवती उभी असतात. कुणी मान खाली घालत नाही. उलट म्हातारी विचारते, "लागली का वो डॉक्टर?"

आणि ह्याच घरात माझा थोरला भाऊ आठ महिने रक्त पडत असताना गप्प राहिला.

अण्णा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठे. माळशिरस तालुक्यातलं आमचं गाव, माउलींची पालखी जाते त्या वाटेपासून जवळ. अण्णा माळकरी, पंचवीस-तीस वर्षांची वारी. पहाटे टमरेल घेऊन ओढ्याकडं जायची त्यांची सवय. 2017 साली गावात गुड मॉर्निंग पथक फिरायला लागलं, माणसं पकडायला लागले, तेव्हा नाइलाजानं घरामागं संडास बांधला. ओढ्याला मातीत काय पडलं ते कुणाला दिसत नव्हतं. संडासाचं भांडं पांढरं होतं. एक दिवस पाणी कमी पडलं आणि वहिनींनी रक्त पाहिलं.

विचारलं तर अण्णा म्हणाले, "उष्णता झालीया." मग म्हणाले, "मूळव्याध हाय, जुनी." खरं तर दिवाळीपासून रक्त पडत होतं. दिवसात पाच-सहा वेळा जावं लागे आणि जाऊन आलं तरी पोट मोकळं झालं असं वाटत नसे. बारीक बारीक होई. वजन उतरलं होतं. धोतराला डाग पडला तर स्वतः विहिरीवर धुऊन टाकत होते. आम्हाला वाटायचं, म्हातारा वारीवरनं आल्यापास्नं फारच सोवळा झालाय.

ह्या आठ महिन्यांत अण्णा दोन ठिकाणी गेले होते. एक मूळव्याधवाला, त्याचा बोर्ड बाजाराच्या गावी एसटी स्टँडच्या भिंतीवर रंगवलेला. त्यानं पुड्या दिल्या. दुसरा शिकलेला डॉक्टर. त्यानं विचारलं, रक्त लाल पडतं का? अण्णा म्हणाले हो. त्यानं मलम लिहून दिलं. दोघांपैकी एकानंही बोट घालून बघितलं नाही. पुढं मुंबईच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या की हातमोजा घातलेलं एक बोट, अर्ध्या मिनिटाचं काम. खालच्या भागातली गाठ असेल तर बहुतेक वेळा बोटाला लागतेच. मूळव्याधीनं रक्त पडतं हे खरं, पण पन्नाशीच्या पुढच्या माणसाला रक्त पडायला लागलं की आधी बघायचं आणि मग मूळव्याध म्हणायचं.

मी त्या डॉक्टरला पुष्कळ शिव्या घातल्या. नंतर मनात आलं, त्यानं बोट घालतो म्हटलं असतं तर अण्णांनी घालू दिलं असतं का? ते कपडे सावरून उठून आले असते. म्हणजे निम्मा गुन्हा आमचाच. ह्या जागेला आमच्या बोलीत धड नावसुद्धा नाही. गुदद्वार हा पुस्तकातला शब्द, तो कुणी बोलत नाही. दुसरा शब्द शिवीत वापरायचा. दुखतंय असं सांगायचं झालं तर माणूस "खाली" म्हणतो, नाहीतर "तिथं" म्हणतो. ज्याला नावच नाही त्याचं दुखणं सांगायचं कसं?

अकलूजला दुर्बिणीतून बघितलं, तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट आला तो पुतण्यानं आणि मी वाचला. पुतण्या म्हणाला, "नाना, अण्णांना नाव कळू द्यायचं न्हाई. खचतील." मी मान हलवली. मला ते बरोबरच वाटलं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपण लहानपणापासून ऐकत आलो.

मग मुंबईला नेलं, परळच्या टाटा हॉस्पिटलात. केशरी रेशनकार्ड होतं, महात्मा फुले योजनेत बसलं. आमच्या भागात 'टाटाला नेलं' म्हटलं की काय झालं हे शेंबड्या पोरालाही कळतं. तरी आम्ही अण्णांना सांगितलं, "गाठ हाय, साधी. मुंबईत मशीन चांगली हायती." राहायला दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत जागा मिळाली. तिथं सगळे त्याच दुखण्याचे. कुणाचा गळा, कुणाचा जबडा, कुणाचं पोट. अण्णा सगळ्यांची चौकशी करायचे, पण स्वतःचं कुणी विचारलं तर "गाठ हाय" म्हणून विषय बदलायचे.

आधी लाइट दिली. रेडिएशनला तिथं सगळे लाइटच म्हणतात. सोमवार ते शुक्रवार, पाच आठवडे, पंचवीस वेळा. बरोबर सकाळ-संध्याकाळ केमोच्या गोळ्या. प्रत्येक वेळी मशीनखाली काही मिनिटंच, पण तिसऱ्या आठवड्यापासून आग व्हायला लागली. लघवीला आग, संडासला आग. टबात कोमट पाणी घेऊन बसायचं. अण्णा कण्हायचे नाहीत, दात आवळून बसायचे. मी बाहेर उभा राहायचो. आत काय बोलावं ते सुचत नसे. एक खोटं सांगितलं की पुढचं प्रत्येक वाक्य त्याच्याशी जुळवून बोलावं लागतं. म्हणून मी बोलायचंच कमी केलं.

लाइट संपल्यावर दोन महिने घरी. तेवढ्यात गाठ आकसते, मग कापायची. काही जणांची गाठ लाइटीनं पार नाहीशी होते. त्यांना लगेच न कापता बारीक नजर ठेवून थांबता येतं, असं बाई म्हणाल्या. अण्णांची आकसली, पण गेली नाही. आणि ती होती अगदी खाली, दाराजवळ.

डॉक्टरीणबाईंनी कागदावर चित्र काढलं. मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग साधारण पंधरा सेंटिमीटरचा. त्याच्या खाली दोन-तीन बोटांची अरुंद वाट आणि तिला आवळून धरणारा गोल स्नायू. गाठ वर असती तर तेवढा तुकडा काढून टोकाला टोक जोडलं असतं. पण ती स्नायूला चिकटली होती. तो भाग पूर्ण काढायचा, खालची वाट शिवून कायमची बंद करायची, आतड्याचं टोक पोटाच्या डाव्या बाजूला बाहेर काढायचं आणि त्यावर पिशवी लावायची. जन्मभर.

पुतण्यानं बाईंना बाजूला घेतलं. "मॅडम, त्यांना कॅन्सर म्हणू नका. पिशवीचंबी आत्ता नको. झाल्यावर आम्ही समजावतो."

बाई पोरीच्या वयाच्या होत्या. म्हणाल्या, "मी त्यांच्या शरीरात कायमचा बदल करणार आहे. शुद्धीवर आल्यावर त्यांनी पोटाकडं बघायचं आणि मग कळायचं? मी नाही करणार असं ऑपरेशन."

पुतण्याला राग आला. मलाही आला. घरचे आम्ही, आम्हाला का शिकवता? पण रात्री धर्मशाळेत झोप लागेना. बैलाला बाजाराला नेताना आपण त्याला सांगत नाही. चारा दाखवतो, दावं सोडतो आणि चालवतो. अण्णांना आम्ही तसंच चालवत होतो. ज्यांनी मला खांद्यावर बसवून पालखी दाखवली, माझी दहावीची फी स्वतः शाळा सोडून भरली, त्यांना.

सकाळी चहा घेताना मी म्हणालो, "अण्णा, तुम्हाला एक सांगायचं हाय."

ते म्हणाले, "कॅन्सर हाय म्हणून व्हय? मला अकलूजलाच कळलं. तुमी दोघं कागद वाचून बाहेर आला, तुमची तोंडं बघितली."

"मग बोलला न्हाई ते?"

"तुमी मला जपत हुता. म्हणलं, आपुनबी ह्यांना जपावं."

तीन महिने. तीन महिने ते एकटे होते आणि आम्हीही. रात्री त्यांना झोप येत नव्हती तेव्हा त्यांना जमिनीचं बोलायचं होतं, वहिनींच्या नावावर काय करायचं ते ठरवायचं होतं, मरणाचं विचारायचं होतं. विचारलं असतं तर आमचं खोटं उघडं पडलं असतं, म्हणून ते गप्प. आम्हाला वाटत होतं आपण म्हाताऱ्याला आधार देतोय, आणि आधार तोच आम्हाला देत होता. खोटं बोलणं ही दया असते का? असेल एखाद वेळी. पण आम्ही ते अण्णांसाठी बोललो का त्यांच्या डोळ्यांत बघायचं टळावं म्हणून बोललो, ह्याचं उत्तर मी अजून स्वतःला सरळ दिलेलं नाही.

पिशवीचं ऐकल्यावर मात्र अण्णा नाही म्हणाले. मरणाला घाबरले नव्हते. "म्हंजी दारं धरणाराच काढायचा," ते म्हणाले, "मग पाणी कुठंबी, कवाबी." उसाला पाणी देणाऱ्या माणसानं अचूक धरलं. आणि मग खरं कारण बोलले. "पोटावर गू बांधून मी पांडुरंगाच्या पायाला कसा लागू?"

मला बोलता येईना. पुतण्या म्हणाला, देव काही बघत नाही, वगैरे. ते ऐकून अण्णांनी तोंड फिरवलं. तेव्हा वहिनी बोलल्या. आयुष्यात त्या नवऱ्यासमोर मोठ्यानं बोललेल्या मी ऐकल्या नव्हत्या.

"म्हैन्याचे चार दिस मला भाईर बसवत हुता. तीस वर्सं. चुलीला शिवायचं न्हाई, देवाला शिवायचं न्हाई. एक डाव वारीच्या तोंडावर आलं तर घरीच ठिवलं मला. मी मेले का? तुमी चार दिस बसून तर बघा."

अण्णा बराच वेळ खाली बघत होते. ऑपरेशनला हो म्हणाले ते संध्याकाळी. वहिनींना त्यांनी काय उत्तर दिलं, दिलं की नाही, मला माहीत नाही.

धर्मशाळेत विदर्भातली एक बाई होती, चाळिशीतली. तिची गाठ आतड्यात नव्हती, अगदी दाराच्या अरुंद वाटेतच होती. तो कॅन्सर वेगळा, त्याचा उपचारही वेगळा. पूर्वी त्यालाही सरळ कापून काढत. 1970 नंतरच्या काळात अमेरिकेतल्या एका सर्जनच्या लक्षात आलं की आधी लाइट आणि केमो दिलं तर कापायला जावं तेव्हा गाठच उरलेली नसते. तेव्हापासून बहुतेकांचा तो कॅन्सर न कापता, लाइट आणि केमो एकत्र देऊन बरा करायचा प्रयत्न करतात. तिची वाट वाचली. पण तिनं दीड वर्ष कुणाला दाखवलंच नव्हतं. डॉक्टर पुरुष होता. त्यातून कुणीतरी तिच्या सासरी सांगितलं की हा रोग विषाणूमुळं होतो, तसल्या संबंधातून येतो. झालं, बाईच्या वागणुकीवर गेले. नर्सनं नवऱ्याला बसवून सांगितलं, हा विषाणू इतका सर्रास असतो की संसार करणाऱ्या बहुतेकांना कधी ना कधी शिवून जातो, बहुतेकांच्या अंगातून आपोआप जातो, थोड्यांच्या राहतो आणि त्यातल्या थोड्यांना कॅन्सर होतो. नवऱ्यानं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तो गावी गेला. नंतर यायचा, पैसे द्यायचा, पण मुक्काम करायचा नाही. ती बाई मला भाऊ म्हणायची. रोग बरा होत होता आणि बाई खंगत होती, असं मी डोळ्यांनी पाहिलं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नर्स पेन घेऊन आली. अण्णांना उभं केलं, बसवलं, वाकवलं. धोतर नेसा म्हणाली. निऱ्या कुठं खोचता, गाठ कुठं येते ते बघितलं आणि त्याला चुकवून पोटावर खूण केली. एवढी बारीक काळजी बघून अण्णा पहिल्यांदा हसले. नंतर महिन्याभरात पिशवी बदलायला शिकले. पोटावरचं ते आतड्याचं तोंड लालभडक, ओलं, गालाच्या आतल्या बाजूसारखं असतं. हात लावला तर दुखत नाही. पुढं पाणी घालून एकदाच आतडं धुवायचं शिकवलं, म्हणजे दिवसभर काही येत नाही. 2019 च्या आषाढीला वाखरीपासून पंढरपूरपर्यंत चालले. देवळात गेले नाहीत. नामदेव पायरीपाशी डोकं टेकलं, समोर चोखोबाच्या समाधीला हात लावला आणि परत फिरले. मी विचारलं नाही.

इथवर मी हे सांगतो तेव्हा लोक म्हणतात, चांगलं झालं, म्हातारा वाचला. पुढचं मी सहसा सांगत नाही.

गावात परत आल्यावर पुतण्या म्हणाला, पिशवीचं बाहेर जाऊ द्यायचं नाही. त्याच्या पोरीचं स्थळ बघणं चालू होतं. अल्सरचं ऑपरेशन झालं असं सांगायचं ठरलं. अण्णांनी हरकत घेतली नाही, मीही नाही. दोन वर्षांनी आमच्या गावच्या एका जुन्या पहिलवानाला तेच दुखणं झालं. माझ्या बरोबरीचा. शाळेत एका बाकावर होतो. त्याला डॉक्टरनं सगळं नीट सांगितलं, नावासकट, पिशवीसकट. तो म्हणाला, पिशवी लावून जगण्यापेक्षा मेलेलं बरं. घरच्यांनी पाया पडून बघितलं. ऐकलं नाही. मी भेटायला गेलो होतो. तासभर बसलो. पावसाचं बोललो, कांद्याच्या भावाचं बोललो. त्याच्या घरापासून तीनशे पावलांवर एक माणूस धोतराखाली पिशवी लावून उसाला पाणी देत होता, हे माझ्या ओठावर आलं आणि मी गिळलं. पोरीचं लग्न जमत आलं होतं.

वर्षाच्या आत त्याचं आतडं तुंबलं. रात्री सोलापूरला नेलं, जीव वाचवायला पोटावर तोंड काढावंच लागलं. म्हणजे पिशवी आलीच, पण आता गाठ काढण्यापलीकडं गेली होती. दोन महिन्यांत गेला.

त्यानं नाही म्हटलं, तो त्याचा हक्क होता, हे मी मानतो. अण्णांच्या डॉक्टरीणबाईंकडून मी तेच शिकलो. देह ज्याचा, निर्णय त्याचा. पण ज्याला सगळं दिसतंय त्याचा निर्णय त्याचा. पहिलवानानं पिशवी लावलेला माणूस कधी पाहिलाच नव्हता. त्याच्या मनात होती ती घाण, तो वास, ती अब्रू. मी त्याला जिवंत माणूस दाखवू शकत होतो. तरीही तो नाही म्हणाला असता, असं होऊ शकतं. तेवढ्या एका शक्यतेला धरून मी रात्री झोपतो.

अण्णांना दहाव्याच्या दिवशी नदीवर कळलं. घरी आल्यावर माझ्यासमोर उभे राहिले. "त्याला काय झालतं ते तुला ठावं हुतं?"

"व्हय."

"मला का सांगितलं न्हाई? मी गेलो असतो. धोतर सोडून दावलं असतं."

आठवडाभर ते माझ्याशी बोलले नाहीत. पुढं पोरीचं लग्न झालं. सोयरे चांगले निघाले, त्यांच्याच घरात एकाला पिशवी होती असं नंतर कळलं. ह्यावर हसावं का काय करावं ते मला कळलं नाही.

आणि माझं स्वतःचं. टाटातून निघताना बाईंनी सांगितलं होतं, सख्ख्या भावांनी आणि मुलांनी दुर्बिणीनं आतडं तपासून घ्या. बहुतेक वेळा हा कॅन्सर आधी लहान कोंबासारखा असतो, त्याचा रोग व्हायला आठ-दहा वर्षं लागतात, कोंब असतानाच खुडला की झालं. शेतकऱ्याला तण फुलावर येण्याआधी काढायचं कुणी शिकवावं लागतं का? मी हो म्हणालो. 2021 ला पोरगा मागं लागला तेव्हा अकलूजला जाऊन येतो म्हणून निघालो, स्टँडवर मिसळ खाल्ली, बाजारातून दोरखंड घेतला आणि घरी येऊन सांगितलं, "केलं. काय न्हाई." पहिलवानाच्या मातीला जाऊन आल्यावरसुद्धा तीन वर्षं तेच खोटं चालवलं.

2024 ला अण्णांची पाच वर्षं पूर्ण झाली. बाई म्हणाल्या, आता वर्षातून एकदा या. परत येताना गाडीत अण्णा म्हणाले, "बापू, तुझा कागद दाव."

"कसला?"

"दुर्बिणीचा."

मी घरी असेल म्हणालो. ते खिडकीबाहेर बघत राहिले. महिन्याभरानं त्यांनीच सोलापूरला तारीख घेतली आणि माझ्यासोबत निघाले. आदल्या दिवशी जायचं, रात्री औषधाचं दोन लिटर पाणी पिऊन आतडं साफ करायचं, सकाळी तपासणी. एसटीत गर्दी होती. शेजारच्यानं नेहमीसारखं विचारलं, "कुठं निघाला पावणं?"

मी "असंच, सोलापूरला," म्हणणार, तोवर अण्णा सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "ह्याच्या ढुंगणात दुर्बीण घालायला. आन मला बघा, हितं पिशवी हाय." आणि शर्टावरनं डाव्या बाजूला थाप मारली.

दोन पोरं फिदीफिदी हसली. एका बाईनं पदर तोंडाला लावला. कंडक्टर तिकीट फाडायचं थांबून बघायला लागला. माझे कान तापले होते. जमीन दुभंगावी असं वाटत होतं, पण एसटीत जमीन कुठली.

मोहोळ सोडल्यावर मागच्या बाकावरून एक फेटेवाला म्हातारा धरत धरत पुढं आला. आमच्या बाकाच्या कडेला टेकला. थोडा वेळ समोर बघत राहिला. मग अण्णांच्या कानाशी वाकला आणि हळूच म्हणाला, "त्यात... रगात पडतं व्हय?"